लेथ दोन, लक्ष्ये चार

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात बोनकोडे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "कारखान्यातील उत्पादनाचे लक्ष्य-नियोजन." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "गुरुजी, मुलांच्या गुणगौरवाच्या दिवशी हे?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही मॅट्रिक झालेले शाळामास्तर. आमची उभी हयात पाढे, व्यवहारी अपूर्णांक आणि त्रैराशिक शिकविण्यात गेली. कारखान्याच्या गोष्टी आम्ही सांगाव्यात हे कोणासही नवलाचे वाटेल. परंतु पावणे, महापे, रबाळे, तुर्भे या बाजूस ज्यांचा स्वतःचा किंवा भाड्याचा गाळा आहे अशा घरांनी हात वर करावेत असे येथे म्हटले, तर किती हात वर होतील हे आपण जाणता. विषय त्या घरांचा आहे, आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीचाही आहे.

आपल्या वाडवडिलांस नियोजन ठाऊक नव्हते असे कोणी म्हटले तर ते आम्हांस मान्य नाही. खळ्यावरचे भात घरी आले की आधी पुढील वर्षाचे बियाणे मुड्यात बांधून बाजूस ठेवले जाई. त्यानंतर वर्षाचे पोटापुरते कणगीत पडे. मग देणे-घेणे भागवावयाचे, आणि उरले तर बाजारात न्यावयाचे. साल कितीही वाईट येवो, माणसे अर्धपोटी राहात, पण बियाण्याचा मुडा फोडीत नसत. आणि खाडीचा बांध तर या क्रमाच्याही बाहेर होता. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की पुढची काही वर्षे पिकाचे नाव घ्यावयास नको. म्हणून बांध राखावयाचाच, तेथे थोडे कमी थोडे अधिक हा व्यवहार नाही. बांध आणि मुडा हे दोन शब्द आपण ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

ती शेती गेली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली सिडको आली, आणि ठाणे-बेलापूर पट्टीतील भातखाचरांवर कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. तो इतिहास आपण सर्वांनी सोसलेला आहे, त्यात आज शिरत नाही. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने लहान गाळे निघाले. आमच्या धाकट्या बंधूंनी साडेबारा टक्के योजनेतील भूखंडाच्या पैशातून दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन घेतले. बंधू आता नाहीत, गाळा पुतण्या चालवितो. तेथे दोनच जिन्नस तयार होतात, पंपाचे शाफ्ट आणि पाइप जोडण्याचे फ्लँज.

तीन वर्षांपूर्वी पुतण्या वही घेऊन आमच्याकडे आला. "काका, दोन्ही गिऱ्हाइकांचे पुरे पडत नाही. रात्री थांबूनही पडत नाही. काय करू?" आम्ही चष्मा लावला आणि त्रैराशिक मांडले. माल, हत्यारे आणि विजेचा खर्च वजा जाता एका शाफ्टमागे सहाशे रुपये सुटत, आणि त्यास लेथचे दोन तास लागत. फ्लँजमागे सव्वादोनशे सुटत, त्यास लेथचा एक तास आणि ड्रिलचा एक तास लागे. (आकडे आपल्या सोयीसाठी गोल केले आहेत.) म्हणजे लेथच्या एका तासास शाफ्टवर तीनशे, फ्लँजवर सव्वादोनशे. आम्ही छातीठोकपणे सांगितले, "फ्लँज सोड. शाफ्टच कर."

दोन महिने पैसा बरा आला. पुढे शाफ्ट घेणाऱ्या कारखान्याने दुरुस्तीसाठी काम बंद ठेवले आणि सहा आठवडे एकही मागणी आली नाही. फ्लँजचे गिऱ्हाईक बंधूंच्या वेळेपासूनचे होते, पण त्याने तोवर दुसरा गाळा पाहिला होता. दोन्ही लेथ झाकून ठेवण्याची वेळ आली, एक चांगला टर्नर निघून गेला, बँकेचा हप्ता थकला. आमच्या आकडेमोडीत तसूभरही चूक नव्हती, म्हणूनच ती गोष्ट आम्हांस अधिक लागली. चाळीस वर्षे आम्ही मुलांस उदाहरणे सोडवून उत्तर बरोबर आले की शाबासकी दिली होती. उदाहरण कोणते घ्यावे हे मात्र कधी शिकविले नव्हते.

आमची नात अभियांत्रिकी शिकते. तिने ही हकीकत ऐकली आणि आपले पुस्तक आणून समोर ठेवले. साठी उलटल्यावर x आणि y यांची पुन्हा गाठ पडली ती अशी. त्या पुस्तकातून व तिच्या तोंडून जे समजले ते थोडक्यात सांगतो.

१९३९ साली रशियात लेनिनग्राड येथे लिओनिद कान्टोरोविच नावाच्या तरुण गणितज्ञापुढे प्लायवूडच्या कारखान्यांचा प्रश्न आला, की कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड घातले असता अधिकांत अधिक माल निघेल. १९४७ साली अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी अशा प्रश्नांची पायरीपायरीने उत्तरे काढण्याची रीत शोधली. या शास्त्रास लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. कान्टोरोविच यांस पुढे १९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यात साध्य एकच असते, नफा वाढवा किंवा खर्च घटवा. आम्ही पुतण्यास जे सांगितले ते याच पद्धतीचे बाळबोध रूप होते.

१९५५ साली अब्राहम चार्न्स, विल्यम कूपर आणि रॉबर्ट फर्ग्युसन यांनी एका उद्योगातील अधिकाऱ्यांचे पगार ठरविण्याच्या प्रश्नावर निबंध लिहिला. तेथे सर्व अटी एकाच वेळी पाळता येत नव्हत्या. तेव्हा त्यांनी काय केले, तर ज्या अटी तंतोतंत जमत नाहीत त्यांपासून आपण किती दूर राहिलो ते मोजावयाचे आणि ते अंतर कमीत कमी करावयाचे. चार्न्स आणि कूपर यांच्या १९६१ सालच्या ग्रंथात या रीतीस गोल प्रोग्रॅमिंग हे नाव मिळाले. आम्ही त्यास लक्ष्य-नियोजन म्हणतो. खाडीपलीकडे पवईस १९६३ साली औद्योगिक अभियांत्रिकीच्या शिक्षणाची राष्ट्रीय संस्था निघाली, तीच २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली. तेथे ही विद्या केव्हाच शिकविली जात असणार. ती खाडी ओलांडून आमच्या गाळ्यात यावयास मात्र घरात नात शिकावी लागली.

रीत अशी आहे. प्रथम बांध कोणते आणि लक्ष्ये कोणती हे वेगळे करावे. ड्रिलिंग मशीन एकच, आठवड्याचे सहा दिवस आठ तास धरले तर ४८ तास. ते चालविणारा दुसरा माणूस नाही, म्हणून हा बांध आहे, त्यापलीकडे जाता येत नाही. लेथचे नेहमीचे तास दोन यंत्रांचे मिळून ९६, पण तेथे जादा वेळ थांबता येते, म्हणून ते लक्ष्यात मोडते. मग प्रत्येक लक्ष्यास आकडा द्यावा, आणि त्यापुढे दोन रकाने आखावेत, एक तुटीचा आणि एक वाढाव्याचा. ४० फ्लँज हवेत आणि ३६ झाले, तर तूट ४. ४३ झाले, तर वाढावा ३. दोन्ही रकाने एकाच वेळी भरत नाहीत. आता कोणता रकाना खुपतो ते पाहावे. मालाच्या बाबतीत तूट खुपते, जादा तासांच्या बाबतीत वाढावा खुपतो. जो खुपतो तो शून्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावयाचा. सारे रकाने शून्य होणार नाहीत हे आधीच कबूल करून बसावयाचे. म्हणून कोणाचा रकाना आधी शून्य करावयाचा, याचा क्रम लागतो.

हा क्रम पुस्तकात मिळत नाही. तो ठरविण्यासाठी एका रविवारी पुतण्याच्या ओटीवर बैठक झाली. पुतण्या होता, वही सांभाळणारी सूनबाई होती, गाळ्यातील जुने मिस्त्री होते, नात होती, आणि अपराधी चेहऱ्याने आम्ही. मधल्या काळात पुतण्याने फ्लँजच्या गिऱ्हाइकाचे पाय धरून त्यास परत आणले होते. त्याची अट एवढीच होती, की आठवड्यास ४० फ्लँज, दोनदा चुकलास तर पुन्हा दारात येऊ नकोस. शाफ्टचे गिऱ्हाईक ३६ मागे, अधिक दिले तरी घेई. नेहमीची मजुरी, भाडे, बँकेचा हप्ता आणि घरखर्च भागण्यास आठवड्यास २८,००० रुपये सुटावयास हवे होते.

दोन्ही मागण्या पुऱ्या करावयाच्या तर लेथचे ११२ तास लागतात, म्हणजे १६ तास जादा. दुप्पट मजुरी, वीज आणि रात्रीचे जेवण धरून जादा तासास अडीचशे रुपये पडत. सूनबाईने तेथेच हिशेब केला. शाफ्टमागे सुटतात सहाशे, त्यातून दोन जादा तासांचे पाचशे गेले, राहिले शंभर. "म्हणजे सोळा तास जागून आठ शाफ्ट, आणि घरात येणार आठशे रुपये," ती म्हणाली. मिस्त्री इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "त्या रात्री पोराचा हातमोजा ड्रिलमध्ये गुंतला. नख गेले, बोट वाचले. आठशे रुपयांसाठी मी रोज रात्र करणार नाही." शेवटी आठवड्यास ८ तास जादा, त्याहून अधिक नाही, असे ठरले. (ड्रिलवर हातमोजा घालू नये, हे मात्र लक्ष्य नव्हे. तो बांध आहे. गाळ्यात आता तशी पाटी लावली आहे.)

वाद झाला तो पहिल्या जागेवर. पुतण्याचे म्हणणे नफा पहिला, कारण बँक थांबत नाही. नातीने तसे मांडून दाखविले. आधी २८,००० रुपये, मग जादा तास आठच्या आत, असे धरले तर उत्तर निघते ४४ शाफ्ट आणि १६ फ्लँज. पैसे बरोबर २८,००० येतात, आणि जुन्या गिऱ्हाइकास २४ फ्लँजची तूट पडते. नंतर तिने क्रम फिरविला. आधी ४० फ्लँज, मग जादा तास, मग ३६ शाफ्ट, शेवटी पैसे. उत्तर निघाले ४० फ्लँज, ३२ शाफ्ट, सुटणारे पैसे २६,२००. शाफ्टची तूट ४, पैशांची १,८००. यंत्रे तीच, माणसे तीच, गणितही तेच. केवळ क्रम बदलला, आणि आठवड्याचे काम आणि गिऱ्हाइकाशी असलेले नाते दोन्ही बदलले.

पुतण्या बराच वेळ त्या दोन कागदांकडे पाहात बसला. आम्ही काही बोललो नाही. एकदा बोलून आम्ही त्याचे पुरेसे नुकसान केले होते. मग तो सूनबाईला म्हणाला, "ते फ्लँज बाबांचे बियाणे आहे गं. त्याला हात लावायचा नाही." १,८०० रुपयांची तूट घरखर्चातून भरू, असे सूनबाईने आपण होऊन सांगितले, आणि सात आठवडे ती कशी भरली हे तिचे तिलाच माहीत. सोमवारी सकाळी पुतण्याने शाफ्टच्या गिऱ्हाइकास फोन करून या आठवड्यास ३६ नव्हे, ३२ मिळतील, असे सांगितले. तो रागावला, पण शनिवारी सायंकाळी कळण्यापेक्षा सोमवारी कळले म्हणून त्याने आपली सोय पाहिली, आणि मागणी काही काढून घेतली नाही.

काहीजण म्हणतील, क्रम कशाला, प्रत्येक तुटीस रुपयांत किंमत लावून एकूण बेरीज कमी करावी. तीही एक रीत आहे, पुस्तकात ती तुला लावून दिलेली असते. जेथे किंमत खरोखर ठाऊक आहे, जसे उशिराच्या मालावर ठरलेला दंड, तेथे ती चांगली. पण तेरा वर्षांच्या शब्दास एका फ्लँजमागे किती रुपये लावावेत, हे आमच्या ओटीवर कोणास सांगता आले नाही. क्रमाच्या रीतीतही एक खोड आहे, तीही सांगितली पाहिजे. वरच्या लक्ष्याचा आकडा उगाच फुगविला तर खालची सारी लक्ष्ये उपाशी मरतात. गिऱ्हाइकास खूष करावयाचे म्हणून पुतण्या एकदा ४० च्या जागी ४८ फ्लँज लिहिणार होता. तसे केले असते तर शाफ्ट २८ वर आले असते आणि पैसे २५,६०० वर. मागितले नाही ते देण्याची हौस असली तर ती सर्वांत खालच्या ओळीत लिहावी.

आता या प्रकरणातील आम्हांस सर्वांत आवडलेला भाग. तुटीचा तक्ता गाळ्यातील भिंतीवर लावलेला असे. मिस्त्री सातवी शिकलेले आहेत. त्यांनी आठव्या आठवड्यात त्या तक्त्यातील निराळाच रकाना पाहिला. ड्रिलचे तास ४८, फ्लँजला लागतात ४०, म्हणजे ८ तास ते मशीन उगाच उभे. आणि इकडे लेथवर प्रत्येक शाफ्टची दोन्ही टोके सेंटर-ड्रिल करण्यात, तुकडा उलटसुलट बांधण्यात पाव तास जातो. ते म्हणाले, "एक साधे फिक्श्चर करू, सेंटर ड्रिलवरच मारू. तिथे शाफ्टमागे दहा मिनिटे लागतील." हिशेब केला. ३६ शाफ्टचे ड्रिलवर ६ तास, फ्लँजचे ४०, मिळून ४६, बांधाच्या आत. लेथवर शाफ्टला दोन तासांऐवजी पावणेदोन, म्हणजे ३६ शाफ्टचे ६३ तास आणि फ्लँजचे ४०, एकूण १०३. जादा तास ७. फ्लँज ४०, शाफ्ट ३६, पैसे २८,८५०. चारही लक्ष्ये पुरी झाली, तुटीचे रकाने रिकामे!

फिक्श्चर करण्यास दोन दिवस लागले. आम्ही त्या दिवशी पेढे घेऊन गाळ्यात गेलो. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, हे मला तीन वर्षांपासून दिसत होते. पण ड्रिल रिकामे आहे आणि लेथ अडली आहे, हे एका कागदावर कोणी लिहिले नव्हते." आम्हांस त्यावर उत्तर सुचले नाही.

दोन जिन्नस असतील तर हे सारे आलेखाच्या कागदावर दोन-चार रेषा ओढून निघते, आणि मॅट्रिकपर्यंतचे गणित त्यास पुरते. पाच-सहा जिन्नस असतील तर संगणक हवा. एक्सेलमध्ये सॉल्व्हर म्हणून सोय आहे. पहिल्या लक्ष्याची तूट आधी कमीत कमी करून घ्यावयाची, तो आकडा बांधासारखा पक्का करावयाचा, मग दुसऱ्या लक्ष्याकडे वळावयाचे, असे एकेक करीत खाली यावे. आज ज्या मुलामुलींचा गौरव होत आहे त्यांतील कित्येकांस हे अर्ध्या तासात जमेल. त्यांच्या वडिलांच्या गाळ्यात त्यांनी एकदा जाऊन बसावे, एवढीच अडचण आहे.

पुतण्याकडे आता तिसऱ्या जिनसाची मागणी आली आहे, व्हॉल्व्हच्या स्पिंडलची. ती घ्यावी की न घ्यावी, यावर येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता त्याच्या ओटीवर पुन्हा बैठक आहे. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी यावे. येताना आपल्या गाळ्यातील यंत्रांचे तास, प्रत्येक जिनसास लागणारा वेळ, आणि गेल्या चार आठवड्यांचे जादा तास एका कागदावर लिहून आणावेत. घरची वही जी सांभाळते तिलाही बरोबर आणावे. आलेखाचा कागद आम्ही आणू.